पडद्यावरचे न्यायालय आणि वगळलेले कागद

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी रोज रात्री जेवणे उरकली की एक न्यायालय भरत असे. मुलगी, जावई, कॉलेजात शिकणारा भाचा, मी आणि स्वयंपाकघर आवरून अधूनमधून येऊन बसणारी माझी पत्नी, असे आमचे पंचमंडळ. समोर टीव्हीवर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला एक खुनाचा खटला. 'मेकिंग अ मर्डरर' नावाचा हा दहा भागांचा माहितीपट २०१५ च्या डिसेंबरात आला तेव्हा जगभर गाजला होता. आमच्याकडे तो उशिरा पोचला, इतकेच.

तिसऱ्या रात्री भाच्याने निकाल देऊन टाकला. "माणूस निर्दोष आहे मामा, पोलिसांनी अडकवलाय त्याला." जावयाने दुजोरा दिला. मीही मान डोलावली. दहावा भाग संपला तेव्हा घरात संताप भरून राहिला होता आणि त्या संतापाच्या तळाशी एक समाधानही होते. जे न्यायालयाला कळले नाही ते आपल्याला कळले, असे ते समाधान.

तेवढ्यात पत्नीने विचारले, "आणि ती जी मुलगी मेली, तिचं नाव काय होतं?"

कोणालाच चटकन आठवेना. दहा रात्री आम्ही तिच्याच खुनाचा खटला पाहत होतो. आरोपीचे नाव, त्याच्या आईवडिलांचे चेहरे, दोन्ही वकिलांच्या लकबी आम्हाला पाठ झाल्या होत्या. तिचे नाव टेरेसा हालबाक. वय पंचवीस, व्यवसाय छायाचित्रणाचा. हे मला दुसऱ्या दिवशी शोधून काढावे लागले, आणि ते शोधता शोधता बाकीचेही बरेच सापडले. हा लेख त्या शोधातून आला आहे.

अठरा वर्षे आणि एक मोटार

ज्यांनी हा माहितीपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी हकिगत थोडक्यात सांगतो. स्टीव्हन एव्हरी हा मॅनिटोवॉक जिल्ह्यातल्या एका भंगार मोटारींच्या आगारवाल्याचा मुलगा. १९८५ साली एका स्त्रीवरील लैंगिक हल्ल्याबद्दल त्याला शिक्षा झाली. आपण त्या वेळी दुसरीकडे होतो, असे तो सांगत होता आणि सोळा जणांनी तशी साक्ष दिली होती, तरी पीडित स्त्रीने त्याला ओळखले ते ग्राह्य धरले गेले. २००३ मध्ये डीएनए चाचणीने सिद्ध झाले की गुन्हेगार दुसराच होता. अठरा वर्षे तुरुंगात काढून तो बाहेर आला. त्याने जिल्ह्यावर आणि जुन्या अधिकाऱ्यांवर ३ कोटी ६० लाख डॉलरच्या भरपाईचा दावा लावला. २००५ च्या ऑक्टोबरात त्या दाव्यात जिल्ह्याच्या पोलिसांचे जबाब नोंदवले जात होते.

त्याच महिन्याच्या ३१ तारखेला टेरेसा हालबाक विक्रीच्या एका गाडीचे छायाचित्र काढण्यासाठी एव्हरींच्या आगारात गेली आणि नंतर दिसली नाही. पाच दिवसांनी तिची मोटार त्याच आगारात सापडली. मोटारीत एव्हरीचे रक्त होते. त्याच्या घराजवळच्या शेकोटीच्या खड्ड्यात जळालेली हाडे मिळाली. मोटारीची किल्ली त्याच्या झोपण्याच्या खोलीत मिळाली, पण ती आधीच्या झडत्यांत दिसली नव्हती. तपास शेजारच्या जिल्ह्याकडे सोपवलेला असतानाही ती सापडली ती मॅनिटोवॉकच्याच, भरपाईच्या दाव्यात जबाब दिलेल्या अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत. २००७ मध्ये ज्यूरीने एव्हरीला खुनाबद्दल दोषी धरले. प्रेताची विटंबना केल्याचा आरोप मात्र त्याच ज्यूरीने मान्य केला नाही. त्याला जन्मठेप झाली. त्याचा सोळा वर्षांचा भाचा ब्रेंडन डॅसी यालाही वेगळ्या खटल्यात जन्मठेप झाली.

कथानक म्हणून पाहिले तर याहून भक्कम पाया मिळणे अवघड. एकदा अन्याय झालेला माणूस, त्याच्यावर डूक धरण्याजोगे कारण असलेले पोलीस, आणि मधेच प्रकट होणारी किल्ली. लॉरा रिकियार्डी आणि मोइरा डेमोस या दोघींनी जवळजवळ दहा वर्षे चित्रण करून तो उभा केला. त्यांची चिकाटी वादातीत आहे. प्रश्न त्या चिकाटीचा नाही.

काय दाखवले, काय ठेवून दिले

मी कादंबऱ्या लिहितो. वाचकाने कोणावर जीव लावायचा हे ठरवायला लेखकाला खोटे बोलावे लागत नाही, हे मला धंद्यातले गुपित म्हणून ठाऊक आहे. गोष्ट कुठून सुरू करायची आणि कोणाच्या घरात बसून सांगायची, एवढे ठरले की निम्मे काम झाले. या माहितीपटाची सुरुवात एव्हरी तुरुंगातून सुटून घरी येतो तिथून होते. कॅमेरा पुढे कित्येक तास त्याच्या आईवडिलांच्या घरात बसलेला असतो. म्हातारी आई थकलेल्या आवाजात फोनवर मुलाशी बोलते, वडील भाजीच्या वाफ्यात काम करतात. अशा घरातल्या माणसाने खून केला असेल असे मानायला मन धजत नाही. ज्याच्या ओसरीवर आपण चहा घेतला त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला पाय जड होतात, तसेच हे.

हालबाक कुटुंबाने या चित्रणात सहभागी होण्याचे नाकारले होते आणि सरकारी वकिलांनीही. त्यामुळे त्यांची बाजू फक्त पत्रकार परिषदांतून आणि कोर्टाच्या चित्रफितींतून येते, म्हणजे माणसे सर्वांत ताठ आणि अप्रिय दिसतात अशाच जागांहून. घरातला माणूस आणि व्यासपीठावरचा माणूस यांची ही लढत मुळातच समान नसते.

यापुढचा मुद्दा अधिक गंभीर आहे. खटल्यात ज्यूरीपुढे आलेल्या काही गोष्टी त्या दहा भागांत आल्याच नाहीत. मोटारीचे बॉनेट उघडण्याच्या खिटीवर एव्हरीचा डीएनए मिळाला होता आणि तो रक्तातला नव्हता. ज्याने रक्त मुद्दाम लावले असेल त्याने हा डीएनए कुठून आणला, असा सवाल त्यातून उभा राहतो. त्याच्या पुढच्या वकिलांनी यावर उत्तर दिले आहे, ते पटो वा न पटो. पण मुळात प्रश्नच प्रेक्षकापर्यंत पोचला नाही. त्या दिवशी त्याने टेरेसाला केलेल्या फोनपैकी दोन, आपला नंबर समोर दिसू नये अशी सोय वापरून केलेले होते, असे सरकार पक्षाचे म्हणणे होते. तेही आले नाही.

उलट एक गोष्ट फार ठसठशीतपणे आली. एव्हरीच्या जुन्या खटल्यातली रक्ताची काचनळी कोर्टाच्या कचेरीत होती आणि तिच्या बुचाला सुईचे भोक होते. बचाव पक्षाचे वकील ते पाहून हर्षभरित होतात, भागाचा शेवट होतो, आणि आपणही उसासा टाकतो, सापडला चोर! वास्तविक अशा नळीत रक्त भरतानाच बुचातून सुई जाते, भोक पडतेच. कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमधला मुलगा हे सांगेल. ही साधी माहिती त्या दृश्यात नाही.

एव्हरीच्या तरुणपणीच्या एका गुन्ह्याचे असेच. त्याने मांजरावर तेल ओतून ते आगीत टाकले होते आणि त्याबद्दल शिक्षा भोगली होती. माहितीपटात हे त्याच्याच तोंडून, पोरकटपणाची एक चूक म्हणून येते. त्यावरून तो खुनी ठरत नाही, हे उघड आहे. पण प्रेक्षकाला माणूस दाखवायचा तर सगळा दाखवायला हवा.

दोघी दिग्दर्शिकांचे म्हणणे असे की कित्येक आठवडे चाललेला खटला दहा तासांत सगळा मावत नाही, आणि सरकार पक्षाचे सर्वांत भक्कम मुद्दे आम्ही घेतलेच आहेत. पहिले विधान मान्य करावेच लागते. दुसऱ्याबद्दल प्रत्येकाने आपापले मत बनवावे. जिल्ह्याच्या एका पोलीस अधिकाऱ्याने मात्र या माहितीपटावर बदनामीचा दावा लावला. आपली साक्ष कापून जोडली, एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यापुढे लावले, अशी त्याची तक्रार होती. २०२३ मध्ये संघीय न्यायालयाने दावा फेटाळला. संकलनाने साक्षीचा गाभा बदलत नाही, असे न्यायाधीश म्हणाले. पण मांडणी दर वेळी समतोल नाही, हेही त्यांनी निकालपत्रात लिहून ठेवले. बेकायदा नाही आणि समतोलही नाही, या दोन टोकांमधल्या प्रदेशात हे सगळे माहितीपट वावरतात.

त्याच वर्षी दुसऱ्या बाजूनेही दहा भागांचा माहितीपट निघाला. पहिल्याने वगळलेले सगळे त्यात आले आणि पहिल्याने दाखवलेल्याची टर उडवली गेली. आता ज्याला जो निकाल हवा त्याने तो माहितीपट लावावा! दोन वकिलांची भाषणे ऐकली म्हणजे खटला ऐकला, असे होत नाही. मधे उलटतपासणी लागते.

तरीही कॅमेरा हवाच

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग हे माहितीपट बंदच करावेत. माझे मत तसे नाही, आणि त्याचे कारण याच माहितीपटात आहे.

१ मार्च २००६ या दिवशी ब्रेंडन डॅसीची पोलिसांनी चौकशी केली. सोळा वर्षांचा, अभ्यासात मागे, बुद्ध्यंक कमी असलेला मुलगा. खोलीत आईवडील नाहीत, वकील नाही. अधिकारी गोड बोलतात, आम्हाला सगळे आधीच माहीत आहे म्हणतात. मुलीच्या डोक्याचे काय केले, असे पुनःपुन्हा विचारतात. मुलगा परीक्षेत अडलेल्या विद्यार्थ्यासारखा अंदाज बांधत जातो. केस कापले म्हणतो, ठोसा मारला म्हणतो. शेवटी अधिकाऱ्याचाच धीर सुटतो आणि डोक्यात गोळी कोणी मारली, असे तोच विचारून टाकतो. कबुलीजबाब संपल्यावर मुलगा चौकशी करतो, की शाळेत प्रकल्प द्यायचा आहे, वेळेत पोचेन ना?

हे पाहताना आमच्या घरात कोणी बोलत नव्हते. इथे संगीताची गरज नव्हती, संकलनाचीही फारशी नव्हती. पोलिसांनीच केलेले ते चित्रण. डॅसीला गुन्ह्याशी जोडणारा भौतिक पुरावा नव्हता; जे होते ते मुख्यतः हे बोलणे. २०१६ मध्ये एका संघीय न्यायाधीशाने त्याची शिक्षा रद्द केली. २०१७ च्या जूनमध्ये अपील न्यायालयाच्या तिघांच्या खंडपीठाने दोन विरुद्ध एक मतांनी ते कायम केले. त्याच डिसेंबरात पूर्ण पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी ते उलटवले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. एका मताच्या फरकाने तो मुलगा तुरुंगात राहिला. शहाण्या, अनुभवी न्यायाधीशांमध्येच जिथे असे दोन तट पडतात, तिथे ही चित्रफीत लोकांनी पाहिली यात वावगे काय?

या प्रकारच्या चित्रपटांचा मूळपुरुष मानला जातो तो एरल मॉरिस यांचा १९८८ चा 'द थिन ब्लू लाइन'. डॅलस शहरात १९७६ मध्ये एका पोलिसाचा खून झाला. रँडल डेल अ‍ॅडम्स या माणसाला त्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. ज्या मुलाच्या साक्षीवर ती उभी होती तो स्वतः त्या वेळी सोळा वर्षांचा होता आणि गुन्ह्यातली मोटार त्यानेच चोरलेली होती. फाशी तीन दिवसांवर आली असताना सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली, पुढे तिची जन्मठेप झाली. मॉरिस खरे तर गेले होते दुसऱ्याच विषयासाठी. अशा खटल्यांत सरकारच्या बाजूने साक्ष देणाऱ्या एका मानसोपचारतज्ज्ञावर त्यांना चित्रपट करायचा होता. अ‍ॅडम्स भेटला, आणि त्यांनी साक्षीदारांना एकेक करून बोलते केले. ते साक्षीदार आपल्याच शब्दांत अडकत गेले. शेवटच्या मुलाखतीच्या दिवशी कॅमेरा बिघडला म्हणून पडद्यावर नुसता टेपरेकॉर्डर दिसतो आणि त्या मुलाचा आवाज ऐकू येतो. अ‍ॅडम्स निर्दोष आहे, हे तो जवळजवळ कबूल करतो. १९८९ मध्ये अ‍ॅडम्स सुटला.

खुनाचा प्रसंग मॉरिस यांनी नटांकडून पुन्हा करवून घेतला होता, त्यावर त्या वेळी बरीच टीका झाली. पण त्यांनी तो एकदा नव्हे, प्रत्येक साक्षीदाराच्या सांगण्याप्रमाणे वेगवेगळा दाखवला, जे पुढे खोटे ठरले तेही दाखवले. प्रेक्षकाला उत्तर हातावर ठेवण्याऐवजी साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत हे त्याच्या डोळ्यांपुढे ठेवले. मला प्रामाणिकपणाची ही पद्धत अधिक पटते.

बोट कोणाकडे?

दोषी ठरलेला माणूस दोषी नाही असे म्हटले की पुढचा प्रश्न आपोआप येतो, की मग कोणी केले? माहितीपटाच्या पायाखालची जमीन इथे सर्वांत निसरडी होते.

आर्कान्सॉ राज्यातल्या वेस्ट मेम्फिस गावी १९९३ मध्ये आठ वर्षांच्या तीन मुलांचे खून झाले. तीन किशोरवयीन मुलांना १९९४ मध्ये दोषी ठरवले गेले, एकाला फाशी, दोघांना जन्मठेप. पुरावा मुख्यतः एका मंदबुद्धी मुलाच्या कबुलीजबाबाचा आणि त्यांच्या काळ्या कपड्यांचा, त्यांच्या वाचनाचा, संगीताच्या आवडीचा. १९९६ च्या 'पॅराडाइज लॉस्ट' या माहितीपटाने ही कच्ची बाजू जगापुढे मांडली, लोकांनी पैसे उभे केले, वकील आले. २०११ मध्ये तिघे सुटले. तेही आम्ही निर्दोष आहोत असे म्हणत, पण सरकारकडे पुरावा पुरेसा आहे हे मान्य करणारी एक विचित्र कायदेशीर तडजोड स्वीकारून. तो माहितीपट नसता तर त्यांतला एक कदाचित आज जिवंत नसता.

पण याच मालिकेच्या २००० सालच्या दुसऱ्या भागात संशयाचा झोत वळला तो मृत मुलांपैकी एकाच्या सावत्र वडिलांकडे. माणूस आडदांड, मोठ्याने बोलणारा, कॅमेऱ्यापुढे नाटकी वागणारा. म्हणजे पडद्यावर संशयित दिसायला अगदी योग्य. पुढच्या चित्रपटांत तो झोत त्याच्यावरून निघून दुसऱ्याच एका मुलाच्या सावत्र वडिलांवर गेला. दोघांवरही कधी आरोपपत्र दाखल झाले नाही. पहिला गृहस्थ तर पुढे ते तिघे निर्दोष आहेत, असेच म्हणू लागला. काळे कपडे घालतो म्हणून मुलाला खुनी ठरवणे चूक, हे ज्या चित्रपटाने शिकवले, त्यानेच चेहऱ्यावरून बापावर संशय घेतला! पोरांना वकील तरी मिळाले होते. पडद्यावरच्या या खटल्यात त्या बापाला वकील नव्हता, उलटतपासणी नव्हती आणि अपीलही नव्हते.

मृतांच्या घरच्यांचे तर विचारूच नये. बाल्टिमोरमधल्या हे मिन ली या शाळकरी मुलीच्या १९९९ च्या खुनात अदनान सय्यद याला शिक्षा झाली. २०१४ ची एक ध्वनिमालिका आणि २०१९ चा माहितीपट यांमुळे ते प्रकरण जगभर पोचले. २०२२ मध्ये शिक्षा रद्द झाली, पण मुलीच्या भावाला सुनावणीची पुरेशी आगाऊ सूचनाच दिली गेली नव्हती. २०२४ मध्ये मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या कारणावरून रद्द झालेली शिक्षा परत लागू करण्याचा निर्णय कायम ठेवला. २०२५ मध्ये सय्यदची कैद भोगली तेवढ्यावर थांबवण्यात आली, दोष मात्र कायम आहे. जगासाठी ही करमणूक असेल, आमच्यासाठी हे जगणे आहे, अशा अर्थाचे त्या भावाने कोर्टात सांगितले होते. लाखो लोक त्या खटल्याची चर्चा करत होते आणि ज्याची बहीण गेली त्याला तारीख कळवायचे राहून गेले.

एक जुनी चौकशी

या विषयावर मी इतका वेळ का घालवला, याचे एक खासगी कारण आहे. बँकेच्या नोकरीत असताना एका खातेअंतर्गत चौकशीत मी चौकशी अधिकारी होतो. आरोप एका क्लार्कवर होता. बंद पडल्यासारख्या एका वृद्धेच्या खात्यातून दोन विथड्रॉवल स्लिपांवर पैसे काढले गेले होते, सह्या जुळत नव्हत्या. स्लिपांवरचे अक्षर त्या क्लार्कचे होते. मी आरोप सिद्ध झाल्याचा अहवाल दिला. त्याच्या वेतनवाढी रोखल्या गेल्या, बदली झाली.

बारा-तेरा वर्षांनी एका लग्नाच्या पंगतीत त्याचा मित्र शेजारी बसला. त्याने ती हकिगत क्लार्कच्या बाजूने सांगितली. अडाणी ग्राहकांच्या स्लिपा तो नेहमीच भरून द्यायचा, बदलीच्या गावी मुलांच्या शाळेचे हाल झाले, बायको खचली. माझ्या घशाखाली घास उतरेना. घरी येऊन मी त्या अहवालाची माझी जुनी प्रत काढली आणि रात्रभर वाचली.

मित्राच्या सांगण्यात दोन गोष्टी नव्हत्या. टोकन त्या क्लार्कने स्वतः घेतल्याची कॅशियरची साक्ष, आणि त्याच आठवड्यात त्याने फेडलेले सोसायटीचे कर्ज. पण माझ्या अहवालातही एक गोष्ट नव्हती. दोन्ही स्लिपा पास करणाऱ्या अधिकाऱ्याची आद्याक्षरे त्यांवर होती, सही पडताळणे हे त्याचे काम होते, आणि त्याला मी साक्षीला बोलावलेच नव्हते. का बोलावले नाही? तो माझ्याच दर्जाचा, सज्जन म्हणून ओळखला जाणारा, आणि आरोपपत्रात त्याचे नाव नव्हते. बस्स. कुठलाही कट नव्हता. मी खोटे एक अक्षर लिहिले नव्हते. कागद वगळला होता, आणि तो वगळतो आहोत हे मला त्या वेळी जाणवलेही नव्हते.

त्या क्लार्कने पैसे काढले की नाही हे मी आज सांगू शकत नाही. आमची चौकशी पुरेशी नव्हती, एवढेच सांगू शकतो. आणि हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोषी कोण, हा एक. निवाडा नीट झाला का, हा दुसरा. चांगला माहितीपट दुसऱ्या प्रश्नाला धरून राहतो, कारण त्याचे उत्तर कागदांवरून देता येते. पहिल्या प्रश्नाच्या उत्तराने टाळ्या मिळतात, म्हणून बहुतेक जण तिकडे घसरतात.

आपल्या दिवाणखान्यात

आपल्याकडेही हे नवे नाही. नानावटी खटला माझ्या जन्माच्या सुमारचा. तो मी ऐकला आईवडिलांकडून, आणि तोही 'ब्लिट्झ' साप्ताहिकाच्या सुरात. देखणा नौदल अधिकारी, फसवला गेलेला नवरा. १९५९ मध्ये ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्याला निर्दोष ठरवले, मुंबई उच्च न्यायालयाने तो कौल बाजूला सारून जन्मठेप दिली, सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि १९६४ मध्ये राज्यपालांनी माफी दिली. ज्याचा खून झाला त्याच्याविषयी चार बरे शब्द आमच्या घरात मी कधी ऐकले नाहीत.

२०२४ च्या फेब्रुवारीत शीना बोरा प्रकरणावरचा माहितीपट येऊ घातला तेव्हा सीबीआयने तो थांबवावा म्हणून मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. खटला तेव्हा चालू होता. न्यायमूर्तींनी आधी तो माहितीपट पाहिला, त्यात खटल्याला बाधा येईल असे काही आढळले नाही, आणि अर्ज फेटाळला. आधी पाहा, मग बोला, ही त्यातली शिकवण घेण्याजोगी आहे. ज्यूरी आपल्याकडून केव्हाच गेली. पण रोज रात्री आपल्या दिवाणखान्यात ती भरते आहे, आणि बाहेरच्या वातावरणाचा परिणाम न्यायाधीशांवर मुळीच होत नाही असे समजणे भोळेपणाचे ठरेल.

तेव्हा असा माहितीपट पाहताना बँकेतला इन्स्पेक्टर जसा लेजर तपासतो तसे थोडे पाहावे. गोष्ट कुठून सुरू केली? कोण बोलायला आले नाही, आणि ते प्रेक्षकाला सांगितले का? दुसऱ्या बाजूचा सर्वांत जड मुद्दा कोणता, आणि तो पडद्यावर आला का? ज्याच्यावर आरोप नाही अशा कोणावर बोट रोखले का? आणि कॅमेऱ्यामागे कोण आहे? 'द स्टेअरकेस' या गाजलेल्या माहितीपटाच्या संकलिकेचे त्यातल्या आरोपीशीच पुढे अनेक वर्षे प्रेमसंबंध होते. त्याचा संकलनावर परिणाम झाला नाही, असे दिग्दर्शक म्हणतात. तसे असेलही. पण प्रेक्षकाला ते ठाऊक असणे बरे. यानंतर जमल्यास निकालपत्र वाचावे. आपल्याकडे न्यायाधीशांना निकालाची कारणे लिहावी लागतात, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या कितीतरी निकालांचे मराठी अनुवाद आता फुकट वाचायला मिळतात. ती कारणे पटली नाहीत तर जरूर ओरडावे, पण वाचून.

एव्हरीच्या सुटकेसाठी २०१६ च्या जानेवारीपर्यंत एक लाखाहून अधिक लोकांनी अमेरिकेच्या अध्यक्षांकडे अर्ज केला होता. हा राज्याचा खटला आहे, त्यात माफी देण्याचा आम्हाला अधिकार नाही, असे उत्तर आले. त्या लाखांमध्ये मी नव्हतो, तो केवळ माहितीपट उशिरा पाहिला म्हणून. तेव्हा पाहिला असता तर मीही सही केली असती आणि त्यानंतर छान झोपलो असतो.

भाच्याला मी हे सगळे सांगितले. तो जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "म्हणजे त्यानेच केलं का मामा?" मी म्हटले, मला माहीत नाही. त्याला ते उत्तर आवडले नाही. मलाही आवडत नाही. पण त्या पंगतीतल्या रात्रीनंतर मला दुसरे उत्तर देता येत नाही.